सेवक, सोबती आणि सनद

२०१८ सालच्या जानेवारी महिन्यात न्यू यॉर्कनजीकच्या न्यूअर्क विमानतळावर एक मोर प्रवासाच्या तयारीने येऊन दाखल झाला. सामानाच्या हातगाडीवर तो विराजमान झाला होता. निळी मान ताठ, पिसारा मागे लोंबता, आणि भोवती जमलेल्या उतारूंच्या कुतूहलाविषयी संपूर्ण उदासीन. डेक्स्टर हे त्याचे नाव. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या त्याच्या कलावंत मालकिणीने त्याच्यासाठी स्वतंत्र आसनाचे भाडे भरण्याची तयारी ठेवली होती, आणि हा पक्षी आपल्या मनाला आधार देणारा असल्यामुळे त्याला बरोबर नेण्याचा आपल्याला हक्क पोहोचतो, अशी तिची कैफियत होती. युनायटेड एअरलाइन्सने पक्ष्याचे वजन आणि आकारमान यांवर बोट ठेवून नकार दिला, आणि अखेर मोर व मालकीण मोटारीने पश्चिमेच्या वाटेला लागली. कार्तिकेयाने ज्याला वाहन केले त्याच पक्ष्याने स्वतः वाहनात जागा मागावी, यात आपल्याकडील वाचकाला जी मौज वाटेल ती अमेरिकनांना वाटण्याचे कारण नव्हते. पण त्यांनाही हसण्यासाठी पुष्कळ होते, आणि वृत्तपत्रे त्या मोरावर कित्येक दिवस जगली.

त्या हशात एक जुनी गोष्ट मात्र कोणाला फारशी आठवली नाही. याच न्यूअर्कला, याच कंपनीच्या विमानाने, सुमारे ८० वर्षांपूर्वी, म्हणजे १९३८ च्या मे महिन्यात, ‘बडी’ नावाची एक जर्मन शेफर्ड जातीची कुत्री आपल्या अंध धन्याच्या पायाशी बसून शिकागोहून आली होती. अमेरिकेतील प्रवासी विमानाच्या उतारूकक्षात कुत्र्याला मिळालेला हा पहिलाच प्रवेश म्हणून त्या दिवसांच्या वृत्तपत्रांनी त्याची नोंद घेतली होती. बडी तेव्हा वृद्ध झाली होती, आणि त्या प्रवासानंतर आठवड्याच्या आतबाहेर ती वारली. एका कुत्रीने अवघे आयुष्य वेचून जी मुभा मिळविली, तिच्या आडोशाने पुढे मोर, डुक्कर आणि खार विमानाच्या दारापर्यंत कशी येऊन ठेपली, आणि या गंमतीची किंमत प्रत्यक्षात कोणाच्या खिशातून वसूल झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बडीचा धनी मॉरिस फ्रँक हा टेनेसी राज्यातील नॅशव्हिलचा तरुण. सहा वर्षांचा असताना घोड्यावरून रपेट करताना झाडाची फांदी लागून त्याचा एक डोळा गेला, आणि सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात दुसरा. त्याची आईही अंध होती. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात डोरोथी हॅरिसन यूस्टिस या बाईंचा एक लेख प्रसिद्ध झाला. या मूळच्या अमेरिकन, पण स्वित्झर्लंडमध्ये व्हेव्हे गावाच्या वरच्या डोंगरावर राहून पोलीस आणि सैन्य यांच्यासाठी कुत्री तयार करीत. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावून आलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत, प्रथम १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे, वाटाड्या कुत्री शिकविण्याचे जे काम सुरू झाले होते, ते पॉट्सडॅमच्या शाळेत त्यांनी पाहिले आणि त्यावर लिहिले. फ्रँकच्या वडिलांनी तो लेख मुलाला वाचून दाखविला, आणि मुलाने बाईंना पत्र लिहिले की, मला असे कुत्रे द्या, मी परत येऊन माझ्या देशातील इतर अंधांनाही ते मिळेल अशी खटपट करीन.

बाईंनी बोलावले. परंतु एकटा अंध माणूस समुद्रापार जाणार कसा? शेवटी अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीच्या हवाली करून त्याला एखाद्या गाठोड्यासारखे पाठविण्यात आले. जहाजावर त्याची ने-आण करण्यास एक माणूस नेमलेला, आणि तो जाताना खोलीला बाहेरून कुलूप लावून जाई. काही महिन्यांनी, १९२८ च्या उन्हाळ्यात, हाच तरुण बडीच्या पाठीवरील हार्नेसची मूठ धरून न्यू यॉर्कच्या धक्क्यावर उतरला. जमलेल्या वार्ताहरांनी वेस्ट स्ट्रीट हा वाहनांनी अखंड वाहणारा रस्ता ओलांडून दाखविण्याचे आव्हान दिले, आणि तो त्याने ओलांडला. यूस्टिसबाईंना त्याने एकाच शब्दाची तार केली आणि यश आल्याचे कळविले. १९२९ च्या जानेवारीत नॅशव्हिल येथे ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली, पुढे ती न्यू जर्सीत आली, आणि आज मॉरिसटाउन गावाजवळ, म्हणजे त्या मोराच्या न्यूअर्कपासून तीसेक किलोमीटरवर, तिचे काम चालू आहे.

मात्र रस्ता ओलांडणे त्यामानाने सोपे ठरले; खरा अडसर होता तो दारांचा. उपाहारगृहे, वसतिगृहे, आगगाड्या, जेथे जावे तेथे “कुत्र्यांना मज्जाव” अशी पाटी. फ्रँक आणि बडी यांनी पुढची वर्षे देशभर हिंडून, एकेका व्यवस्थापकापुढे उभे राहून, कुत्री शांतपणे टेबलाखाली पडून राहते हे दाखवून देत ही दारे उघडविली. १९३५ च्या सुमारास सर्व रेल्वे कंपन्यांनी वाटाड्या कुत्र्यांना डब्यात धन्याजवळ बसण्याची परवानगी दिली होती. ही परवानगी कोणी दया म्हणून दिलेली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. ती कुत्रीच्या वर्तनाने, म्हणजे तिच्या न भुंकण्याने, न हुंगण्याने, कोणाच्या ताटाकडे न पाहण्याने कमावलेली होती.

मॉरिसटाउनच्या मध्यभागी जी हिरवळ आहे तिच्यावर फ्रँक आणि बडी यांचा पुतळा उभा आहे, आणि त्याच्या आसपासच्या रस्त्यांवर शिकाऊ कुत्री घेऊन शिक्षक हिंडताना दिसतात. हे शिक्षण न्याहाळण्याजोगे असते. पुष्कळांचा असा समज असतो की कुत्रे दिव्याचा रंग पाहून रस्ता ओलांडते. तसे काही नसते. वाहनांच्या आवाजाचा कानोसा घेऊन केव्हा निघायचे हे माणूस ठरवितो आणि “फॉरवर्ड” अशी आज्ञा देतो. कुत्र्याचे काम पुढचे, आणि अधिक कठीण. वळणारी मोटार अंगावर येत असेल तर आज्ञा झाली असताही जागचे हलायचे नाही, हे त्याला शिकविलेले असते. या विवेकी अवज्ञेवरच सारा व्यवहार उभा आहे. शिवाय स्वतः सहज जाईल अशा फटीतून धन्याचा खांदा जाईल की नाही, आणि स्वतःच्या डोक्यावरून कितीतरी उंच असलेली फांदी धन्याच्या कपाळाला लागेल की काय, याचाही हिशेब त्या प्राण्याने करावयाचा असतो. पिल्लू प्रथम वर्षभर किंवा त्याहून अधिक एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वाढते, मग चारेक महिने शिक्षकाजवळ शिकते, आणि अखेर भावी धन्याबरोबर सुमारे महिनाभर त्याचा सराव होतो. एका कुत्र्यामागे संस्थेचे ५० हजार डॉलरांहून अधिक खर्च होतात. अंध व्यक्तीकडून मात्र पहिल्या कुत्र्याचे १५० डॉलर घेतात, पुढच्या प्रत्येकाचे ५०, आणि माजी सैनिकाकडून एक. हे मोल आपल्या ऐपतीत बसते, आपण भिक्षा घेत नाही, असे घेणाऱ्याला वाटावे म्हणून ही रक्कम ठेवलेली आहे, आणि ती रचना मला फार समंजस वाटते.

अंधांच्या मागोमाग बहिऱ्यांसाठी दारावरची घंटा कळविणारी, चाकाच्या खुर्चीतील माणसासाठी पडलेली वस्तू उचलणारी, अपस्माराच्या झटक्यात धन्याजवळ थांबणारी, युद्धावरून परतलेल्या सैनिकाला दुःस्वप्नातून जागे करणारी कुत्री तयार होऊ लागली. २६ जुलै १९९० रोजी अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला आणि या सर्व सेवक-प्राण्यांना दुकाने, उपाहारगृहे, रुग्णालये, कचेऱ्या येथे बेलाशक प्रवेश मिळाला. त्याखालील नियमांत आरंभी ‘कुत्रे किंवा अन्य प्राणी’ अशी सैल व्याख्या होती. २०११ च्या मार्चपासून अमलात आलेल्या सुधारित नियमांनी ती आवळली. आता सेवक-प्राणी म्हणजे कुत्राच, आणि तोही धन्याच्या अपंगत्वाशी संबंधित असे निश्चित काम करण्यास शिकविलेला. अपवाद एकच, आणि तोही स्वतंत्र कलमाने केलेला: खुज्या जातीच्या घोड्याचा. ज्यांना कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे किंवा ज्यांच्या धर्माला कुत्रा वर्ज्य आहे त्यांची सोय त्यात आहे, शिवाय हा घोडा कुत्र्याहून पुष्कळ अधिक वर्षे काम करतो. नुसत्या सान्निध्याने दिलासा देणाऱ्या प्राण्याला या व्याख्येत जागा नाही, असे नियमच स्पष्टपणे सांगतो.

परंतु या कायद्याचा जो भाग मराठी वाचकाला सर्वांत चकित करील तो पुढेच आहे. दुकानदाराने कुत्रा घेऊन आलेल्या माणसाला फक्त दोन प्रश्न विचारावेत: हा अपंगत्वामुळे लागणारा सेवक-प्राणी आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकविले आहे? आजार कोणता हे विचारता येत नाही. काम करून दाखवा म्हणता येत नाही. आणि कागद मागता येत नाही. कोणतेही सरकारी नोंदणीपुस्तक नाही, ओळखपत्र नाही, शिक्कामोर्तब नाही. कुत्र्याला धन्याने घरीच शिकविले असले तरी चालते. ज्या मुलखात जिवंत असल्याचाही दाखला दरवर्षी हजर करावा लागतो तेथील माणसाला हे वाचून कायदा करणाऱ्यांच्या शहाणपणाविषयी शंका येईल. परंतु त्यामागील विचार साधा आहे. डोळस माणसाला दुकानात शिरताना कागद दाखवावा लागत नाही. मग अंधाने तो प्रत्येक दारावर का दाखवावा? कायद्याने अपंग माणसाच्या शब्दावर भिस्त ठेवली, आणि शब्द पुरेसा मानणे हाच त्या माणसाला दिलेला मान होता.

आता दुसऱ्या वर्गाकडे वळले पाहिजे, आणि तो मुळात खोटा आहे असे कोणी समजू नये. न्यू यॉर्कमधील बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या ध्यानात आले की, त्यांचा ‘जिंगल्स’ हा कुत्रा खोलीत असला की न बोलणारी मुले त्याच्याशी बोलू लागतात. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी यावर लिहिले तेव्हा सहव्यवसायी पुष्कळ हसले होते. १९८० साली हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली: घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात तिघे वारले, प्राणी नसलेल्या ३९ पैकी ११. नमुना लहान होता, पण त्याने पुष्कळ संशोधनाला चालना दिली. रुग्णालयांत फिरविली जाणारी शांत स्वभावाची कुत्री हा याच मार्गाचा तिसरा प्रकार, आणि आमच्या मुंबईतही असे काम चालते. मात्र त्या कुत्र्यांना बोलावले तेथेच जाता येते, स्वतःचा असा प्रवेशहक्क त्यांना नसतो. एकाकी म्हातारीला मांजराने जगण्याचे कारण द्यावे, हे सत्य सिद्ध करण्यास शास्त्राचीही गरज नाही. म्हणूनच घरांविषयीच्या कायद्याने दिलासा देणाऱ्या प्राण्यालाही मान्यता दिली: जेथे पाळीव प्राण्यांना बंदी आहे अशा घरातही, गरज खरी असल्यास, भाडेकरूला तो ठेवता येतो आणि त्यावर पाळीव प्राण्याचा आकार लावता येत नाही. आणि विमानवाहतुकीच्या नियमांनी २००३ पासून त्याला विमानात मोफत नेण्याची वाट करून दिली. पुढे मानसतज्ज्ञाचे, वर्षाच्या आतले, पत्र मात्र लागू लागले.

येथे पैशाचा हिशेब आड आला. लहान कुत्रे पिशवीत घालून बरोबर नेण्यास मोठ्या कंपन्या एका बाजूच्या प्रवासाचे सुमारे १२५ डॉलर घेत. पत्र असले की शून्य. मोठे कुत्रे एरवी मालाच्या कोठारात घालावे लागे, आणि तेथे प्राणी दगावल्याच्या बातम्यांनी लोक धास्तावलेले होते. ही धास्ती अगदीच निराधार नव्हती, असे मला वाटते. तेव्हा महाजालावर पत्रांची दुकाने उघडली. एक प्रश्नावली भरावी, कधी न भेटलेल्या तज्ज्ञाची सही विकत घ्यावी, सोबत कुत्र्यासाठी झूल, छायाचित्राचे ओळखपत्र आणि ‘राष्ट्रीय नोंदणी’चे प्रमाणपत्र मिळावे. गंमत पाहा: ज्या कायद्याने मुद्दाम कागद रद्द ठरविला, त्याच कायद्याच्या नावाने कागदाचा बाजार भरला, आणि खऱ्या अंधाजवळ जे कधीच नव्हते ते प्रमाणपत्र तोतयाजवळ चकचकीत आवरणात असे. दुकानदाराला नियम ठाऊक नसतो. त्याला झूल दिसते, बिल्ला दिसतो, आणि तो बाजूला होतो. २०१४ साली पॅट्रिशिया मार्क्स या लेखिकेने ‘न्यू यॉर्कर’साठी याची परीक्षाच घेतली: कासव, साप, टर्की, अल्पाका आणि डुक्कर यांना पाळीपाळीने घेऊन ती संग्रहालयात, बसमध्ये, आगगाडीत आणि विमानात हिंडली, आणि एका पत्राच्या जोरावर तिला बहुतेक कोठे कोणी अडविले नाही.

महाभारताच्या अखेरीस इंद्राचा रथ दारी उभा असता कुत्र्याला मज्जाव होतो, तेव्हा युधिष्ठिराने दिलेले उत्तर आपणां सर्वांस ठाऊक आहे. हा माझ्या आश्रयास आलेला आहे, एवढेच तो म्हणाला. हा माझ्या मनःस्वास्थ्यास आवश्यक आहे असा वैद्याचा दाखला त्याने पुढे केला नाही, आणि कुत्र्यासाठी स्वर्ग सोडण्याची त्याची तयारी होती. एकविसाव्या शतकातील आमच्या श्वानप्रेमी मंडळींची १२५ डॉलर सोडण्याचीही नव्हती.

न शिकविलेले, गर्दीला न सरावलेले कुत्रे अरुंद विमानात शेकडो परक्यांमध्ये आणून बसविले की ते घाबरते, आणि घाबरलेले कुत्रे चावते. २०१७ च्या जूनमध्ये अटलांटाहून निघणाऱ्या डेल्टाच्या विमानात आधार-प्राणी म्हणून आणलेल्या एका मोठ्या कुत्र्याने शेजारच्या उतारूचा चेहरा फाडला. त्या कंपनीनेच पुढे जाहीर केले की आपण रोज सुमारे ७०० सेवक व आधार-प्राणी नेतो, आणि मलमूत्र, चावे इत्यादी प्रकार २०१६ पासून ८४ टक्क्यांनी वाढले आहेत. परंतु चावा खाणारा उतारू हा या प्रकरणातील एकमेव बळी नव्हे. वाटाड्या कुत्र्यावर अशा एखाद्या बेशिस्त कुत्र्याने झडप घातली, तर त्याचे शरीर बरे झाले तरी त्याचे धैर्य पुष्कळदा बरे होत नाही; दुसरे कुत्रे दिसताच ते थबकते, वाट सोडते, आणि दोन वर्षांचे शिक्षण एका मिनिटात फुकट जाते. धन्याला पुन्हा काठी, पुन्हा प्रतीक्षायादी. ज्या दुकानदाराचा गालिचा काल तोतयाने बिघडविला, तो आज खऱ्या अंधाकडे संशयाने पाहतो. मोटार बोलावून देणाऱ्या उबर कंपनीच्या चालकांनी कुत्र्यामुळे नाकारलेल्या एका अंध महिलेला २०२१ साली लवादाने ११ लाख डॉलरांची भरपाई दिली. तिला असा नकार १४ वेळा मिळाला होता. त्या सर्व नकारांचे खापर तोतयांवर फोडणे न्यायाचे होणार नाही, कारण कुत्र्याविषयीचा तिटकारा आणि आसनावर केस पडण्याचे भय ही जुनीच कारणे आहेत. पण नकार देणाऱ्याला “हल्ली कोणीही सांगतो” हे वाक्य आयते मिळाले, यात संशय नाही.

न्यू जर्सीतील एडिसन भागात घर भाड्याने देणाऱ्या आमच्या एका मराठी परिचितांनी भाडेकरूने आणून दिलेले असे पत्र मला दाखविले. लिहिणारा तज्ज्ञ दूरच्या राज्यातला, आजाराचा उल्लेख नाही, फक्त कुत्र्याचे नाव तेवढे सुवाच्य. “खोटे म्हणावे तर कोर्टात मी उभा राहणार, खरे म्हणावे तर वरच्या मजल्यावरची बाई आधीच तक्रार करते आहे,” असे ते म्हणाले, आणि त्यांनी कुत्रा ठेवू दिला. पुढे त्यांनी विचारले की सरकारने सरळ एक परवाना का काढू नये, फोटो लावलेला, शिक्का मारलेला? हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओठांवर येईल. परंतु अपंगांच्या अनेक संघटनांचा त्याला विरोध आहे, आणि तो मला पटतो. परवाना काढण्यास परीक्षा आली, परीक्षेस केंद्र आले, केंद्रापर्यंतचा प्रवास आणि फी आली, आणि घरी कुत्रा शिकविणारा गरीब माणूस बाहेर राहिला. बनावट परवाना छापणे मात्र बनावट पत्र लिहिण्याहून फारसे अवघड नाही; अपंगत्वाचे खोटे दाखले आमच्याकडे किती कचेऱ्यांच्या शिक्क्यांनिशी निघाले, हे वृत्तपत्र वाचणाऱ्यास सांगावयास नको.

राज्यांनी दंडाचा मार्ग धरला. फ्लॉरिडाने २०१५ साली खोटा सेवक-प्राणी मिरविणाऱ्यास ५०० डॉलरपर्यंत दंड, ६० दिवसांपर्यंत कैद, आणि वर ३० तास समाजसेवा अशी शिक्षा ठरविली; ही सेवा अपंगांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत करावयाची आहे, आणि मसुदा लिहिणाऱ्याला न्यायाबरोबर थोडी विनोदबुद्धीही असावी असे वाटते. पण कागद मागता येत नाही तेथे खोटेपणा शाबित करावा कसा? खटले क्वचितच उभे राहतात. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून अधिक शहाणी वाट धरली आणि पुरवठ्यालाच हात घातला: पत्र देणाऱ्याने माणसाला निदान ३० दिवस रुग्ण म्हणून ओळखलेले असले पाहिजे, आणि आधार-कुत्रा विकणाऱ्याने तो सेवक-कुत्रा नव्हे हे लेखी कळविले पाहिजे. माझ्या मते दोष पकडावयाचा तो येथेच. दुःखी माणसाने कुत्रा जवळ ठेवावा यात काहीच गैर नाही. त्याच्या दुःखाला नसलेल्या हक्काची झूल शिवून विकणारा शिंपी गैर आहे.

विमानांपुरता निकाल २०२१ च्या ११ जानेवारीपासून लागला. वाहतूक खात्याच्या नव्या नियमाने सेवक-प्राणी म्हणजे शिकविलेला कुत्राच असे ठरविले, मनाच्या आजारासाठी शिकविलेल्या कुत्र्यांना शारीरिक अपंगत्वासाठीच्या कुत्र्यांच्या बरोबरीने बसविले, आणि दिलासा देणाऱ्या प्राण्यांना सेवक मानण्याचे बंधन कंपन्यांवरून काढले. मोठ्या कंपन्यांनी ते तत्परतेने पाळीव ठरवून आकार पुन्हा चालू केला. मोरांचे युग संपले. मात्र त्याच नियमाने कंपन्यांना सरकारी नमुन्यातील एक अर्ज मागण्याची मुभा दिली, आणि तो ४८ तास आधीही मागता येतो. त्यात कुत्र्याला रेबीजची लस केव्हा टोचली, पशुवैद्य कोण, शिकविले कोणी, सार्वजनिक जागी तो कसा वागतो, हे सारे धन्याने भरून सही करावयाचे, आणि खोटे लिहिणे हा संघराज्याचा गुन्हा आहे हेही वाचावयाचे. ज्यांनी कधी कोणाला फसविले नाही अशा वाटाड्या कुत्र्यांच्या अंध धन्यांनी याला कसून हरकत घेतली. जमिनीवर ज्यांचा शब्द पुरेसा होता त्यांना आकाशात कागद द्यावा लागू लागला, आणि तो कागद पडद्यावर वाचता येईल अशा रीतीने प्रत्येक कंपनीने ठेवलेला असतोच असे नाही. आठ तास किंवा त्याहून लांबचा प्रवास असेल तर आणखी एक अर्ज जोडता येतो: कुत्रा वाटेत मलमूत्र विसर्जन करणार नाही, किंवा केल्यास ते स्वच्छतेस बाध न आणता करील, अशी हमी देणारा. न्यूअर्कहून मुंबईचे विमान चौदा तासांहून अधिक उडते, तेव्हा त्या वाटेने मायदेशी येऊ इच्छिणाऱ्या अंध मराठी माणसाला तोही भरावा लागेल. आणि मुंबईत उतरण्यापूर्वी भारत सरकारच्या पशु-विलगीकरण खात्याचे ना-हरकत प्रमाणपत्र काढावे लागेल ते निराळे.